घरातील पहिला पदवीधर: शहरी शाळा, संस्था आणि महाविद्यालयांसाठी कार्यपद्धती

ज्या घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही आणि ज्या घराची मिळकत बेताची आहे, अशा घरातील मुलामुलींना पदवीपर्यंत नेण्याची व्यवस्था कशी उभी करावी, हे या लेखात कामाच्या क्रमाने मांडले आहे. शाळेतील शिक्षक, वस्तीतील अभ्यासिका चालवणारे कार्यकर्ते, स्वयंसेवी संस्था आणि महाविद्यालयांचे प्रवेश विभाग यांच्यासाठी हे लेखन आहे. शहरात महाविद्यालये जवळ असतात, ये-जा करण्याची सोय असते आणि मोबाइलवर सगळी माहिती सापडते. त्यामुळे ही मुले मागे राहतात ती इच्छेअभावी किंवा माहितीअभावी, असा समज सहज होतो आणि सारी शक्ती मार्गदर्शन मेळावे, पत्रके आणि भाषणे यांवर खर्ची पडते.

हा समज किती अपुरा आहे, हे एका प्रयोगातून स्पष्ट झाले आहे. एरिक बेटिंगर, ब्रिजेट टेरी लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अमेरिकेत, प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयांत आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचे गट केले. एका गटातील कुटुंबांचा शैक्षणिक मदतीचा सरकारी अर्ज कर्मचाऱ्यांनी तिथल्या तिथे भरून दिला आणि किती मदत मिळू शकेल, याचा अंदाजही सांगितला. दुसऱ्या गटाला केवळ अंदाज आणि माहिती दिली. ज्यांचा अर्ज भरून दिला, त्या घरांतील शाळेच्या शेवटच्या वर्षात असलेल्या मुलांपैकी पुढील तीन वर्षांत महाविद्यालयाची दोन वर्षे पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. केवळ माहिती मिळालेल्या गटात मात्र असा फरक दिसला नाही. अर्ज भरायला लागलेला वेळ काही मिनिटांचाच होता.

पुढे सांगितलेली प्रत्येक गोष्ट याच निष्कर्षावर उभी आहे. या मुलांना महाविद्यालयाबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. शेजारी बसून काम तडीस नेणारा माणूस भेटत नाही. कार्यक्रम आखताना कोणताही उपक्रम याच कसोटीवर घासून पाहावा.

नावनिशीवार नोंदवहीपासून सुरुवात

पहिले काम म्हणजे एका शाळेची किंवा एका वस्तीची यादी करणे. यादीत मुलांची नावे असावीत. टक्केवारी नंतर काढता येते. प्रत्येक नावापुढे टप्पे लिहावेत: प्रवेशासाठी लागणाऱ्या परीक्षेची नोंदणी, आवश्यक दाखले, किती महाविद्यालयांना अर्ज केला, आर्थिक मदतीचा अर्ज, मंजुरीचे पत्र, प्रवेशनिश्चिती, पहिला हप्ता, पहिल्या दिवसाची हजेरी, पहिल्या सत्राचा निकाल आणि दुसऱ्या वर्षाचा प्रवेश. मागील वर्षाच्या विद्यार्थ्यांची अशी नोंद शिक्षकांच्या आठवणीतून आणि दूरध्वनी करून भरली, तरी गळती नेमकी कोणत्या पायरीवर होते, हे दिसू लागते. ही पायरी प्रत्येक शाळेत वेगळी असते. एका शाळेत मुले परीक्षेलाच बसलेली नसतात, तर दुसरीत प्रवेश मिळूनही पहिला हप्ता भरलेला नसतो. दोन्ही ठिकाणी एकच कार्यक्रम राबवणे म्हणजे दुखणे न पाहता औषध देणे होय.

‘पहिल्या पिढीतील’ कोणाला म्हणावे, हेही आरंभीच ठरवून घ्यावे. आई-वडिलांपैकी कोणीही पदवीधर नसणे, ही सर्वत्र रूढ असलेली व्याख्या पुरेशी आहे. मात्र मोठ्या भावाने किंवा बहिणीने महाविद्यालय अर्धवट सोडले असेल, तर त्या विद्यार्थ्याच्या नावापुढे खूण करावी. अशा घरात महाविद्यालयाचा अनुभव आलेला असतो, पण तो खर्च वाया गेल्याचा असतो, आणि तिथे पालकांशी बोलण्याची पद्धत वेगळी असावी लागते.

यादी करताना केवळ वरच्या क्रमांकाची मुले निवडण्याचा मोह आवरावा. अमेरिकेतील मिशिगन राज्याने २००७ पासून शाळेतील सर्व विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन प्रवेशाची परीक्षा शाळेतच, विनामूल्य द्यायला लावली. जोशुआ हायमन यांनी त्याच्या परिणामांचा अभ्यास केला तेव्हा असे आढळले की, पूर्वी स्वतःहून परीक्षेला बसून पात्र ठरणाऱ्या दर १००० गरीब विद्यार्थ्यांमागे आणखी ४८० पात्र विद्यार्थी असे होते, जे परीक्षेलाच बसत नव्हते. ही मुले कोणाच्याही ‘हुशार मुलांच्या’ यादीत नसतात, म्हणूनच नोंदवहीत वर्गातील प्रत्येक नाव हवे.

अर्ज शेजारी बसून भरावा

या कामाचा गाभा इथे आहे आणि सर्वाधिक मनुष्यबळ इथेच लावावे. अर्ज भरण्याच्या दिवशी नेमके काय घडते, ते जवळून पाहिल्याशिवाय अडचण कळत नाही. मुलगी संगणकासमोर बसते. पहिल्या पानावर नाव लिहायचे असते. शाळेच्या दाखल्यावर नाव एका प्रकारे आहे, ओळखपत्रावर दुसऱ्या प्रकारे आणि बँकेच्या खात्यावर तिसऱ्या. कोणते लिहावे, हे तिला ठाऊक नसते आणि चुकीचे लिहिले तर अर्ज बाद होईल, ही भीती असते. पुढच्या रकान्यात वडिलांचा व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न विचारलेले असते. वडील मिळेल ते काम करतात, मजुरी रोजची असते, काही महिने काम नसते; वर्षाचा आकडा घरात कधी कोणी मांडलेला नसतो. तो कसाबसा ठरवला की पडताळणीचा क्रमांक वडिलांच्या मोबाइलवर जातो, आणि वडील त्या वेळी कामावर असतात. फोन लागेपर्यंत संकेतस्थळाची मुदत संपते, आणि पान पुन्हा पहिल्यापासून भरावे लागते. मुलगी ‘उद्या करते’ म्हणून उठते. तो उद्या पुष्कळदा येत नाही, आणि वर्षअखेरीस तिच्या नावापुढे ‘इच्छुक नव्हती’ असा शेरा पडतो.

यावर उपाय साधे आहेत, पण ते आधी योजावे लागतात. अर्ज सुरू होण्याच्या किमान दोन महिने आधी ‘कागदपत्रांचा दिवस’ ठेवावा. त्या दिवशी अर्ज भरायचा नाही. फक्त प्रत्येकाची कागदपत्रे समोर मांडून नावे, जन्मतारखा आणि पत्ते एकमेकांशी जुळतात का, हे तपासायचे. ज्याचे जुळत नाही, त्याच्या दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी करून घ्यावा, कारण सरकारी दुरुस्तीला लागणारा वेळ आपल्या हाती नसतो. सर्व कागदपत्रांची स्पष्ट छायाचित्रे काढून, लागणाऱ्या आकारात लहान करून, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात साठवावीत. ईमेलचे खाते आणि पासवर्ड विद्यार्थ्याच्या ताब्यात असावा; तो संस्थेच्या संगणकावर ठेवून घेणे सोयीचे वाटले तरी योग्य नाही, कारण पुढील चार वर्षे त्याला हे खाते स्वतःच वापरायचे आहे.

अर्ज भरण्याची सत्रे संध्याकाळी उशिरा किंवा सुटीच्या दिवशी ठेवावीत आणि पालकांपैकी एकाने फोनसह सोबत यावे, असे आधी ठरवून घ्यावे. एका साहाय्यकाकडे एका वेळी तीन-चारांहून अधिक विद्यार्थी नसावेत. साहाय्यकाने शेजारी बसावे, पण कीबोर्ड विद्यार्थ्याच्याच हाती राहू द्यावा. सत्र संपताना ‘अर्ज सादर झाला’ ही पोच हाती असलीच पाहिजे; अर्धा भरलेला अर्ज नोंदवहीत ‘झाला’ म्हणून लिहू नये.

लहानसा खर्चही इथे आड येतो. अमेरिकेतील एसीटी या प्रवेश परीक्षेचे गुण पूर्वी तीन महाविद्यालयांना विनामूल्य पाठवता येत. १९९७ मध्ये ही संख्या चार केली गेली. चौथ्या ठिकाणी गुण पाठवण्याचे शुल्क तेव्हा अवघे ६ डॉलर होते. तरीही अमँडा पॅलेस यांच्या अभ्यासात दिसले की या एका बदलाने विद्यार्थी अधिक ठिकाणी गुण पाठवू लागले आणि कमी उत्पन्न गटातील विद्यार्थी अधिक चांगल्या महाविद्यालयांत पोहोचले. ‘एवढी किरकोळ रक्कम कोणीही भरेल’ हे गृहीत धरू नये. अर्जशुल्कासाठी संस्थेकडे वेगळा निधी असावा आणि तो मागावा न लागता मिळावा. मागायला लावले की संकोचाने मागे हटणारी मुले नेमकी तीच असतात, ज्यांना त्याची सर्वाधिक गरज असते.

पैशाचा हिशेब घरच्यांसमोर

जाहीर केलेले शुल्क पाहून पालक मागे हटतात. प्रत्यक्षात शिष्यवृत्ती आणि शुल्कमाफी वजा जाता भरावी लागणारी रक्कम पुष्कळदा बरीच कमी असते, पण ती प्रवेश मिळाल्यानंतर कळते, आणि अर्ज करायचा की नाही हा निर्णय त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. मिशिगन विद्यापीठाने हा क्रम उलटा केला. सुझन डायनार्स्की आणि सहकाऱ्यांनी आखलेल्या या योजनेत राज्यातील हुशार, गरीब विद्यार्थ्यांना पत्र गेले: प्रवेश मिळाल्यास चार वर्षांचे शिक्षणशुल्क माफ राहील आणि त्यासाठी उत्पन्नाचा कोणताही अर्ज भरावा लागणार नाही. यातील बहुतेकांना नेहमीच्या मार्गाने जवळपास तेवढीच मदत मिळाली असती. तरी पत्र न मिळालेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याने अर्ज केला, तर पत्र मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांशांनी. आणि प्रत्यक्ष प्रवेश घेणारे दुपटीहून अधिक झाले. रक्कम जवळपास तीच होती. फक्त ती आधी आणि निश्चित शब्दांत सांगितली गेली. पत्र पालकांनाही गेले होते, ही बाब महत्त्वाची आहे. महाविद्यालयात काम करणाऱ्या वाचकांनी आपल्या संस्थेत काही एकच बदल करायचा ठरवला, तर तो हा करावा.

शाळा किंवा संस्थेला असे वचन देता येत नाही, पण हिशेब मांडता येतो. प्रत्येक कुटुंबाबरोबर एक कागद घेऊन बसावे आणि त्यावर एका वर्षाचा खरा खर्च लिहावा: शुल्क, परीक्षाशुल्क, पुस्तके, प्रवास, वसतिगृह असल्यास अनामत रक्कम, आणि ज्या खर्चाचा उल्लेख कोणत्याही माहितीपुस्तिकेत नसतो तो, म्हणजे मुलगा कामाला लागला असता तर घरी आला असता तो पैसा. हा शेवटचा आकडा टाळू नये. पालकांच्या मनात तो असतोच, आणि आपण तो उच्चारला नाही, तर बाकीच्या हिशेबावर त्यांचा विश्वास बसत नाही. त्यासमोर मिळू शकणारी मदत तीन वेगळ्या रकान्यांत लिहावी: परत न करायची मदत, काम करून मिळणारी मदत आणि कर्ज. मंजुरीच्या पत्रांत ही तिन्ही एकाच बेरजेत दाखवलेली असू शकतात, आणि घरातील पहिल्याच विद्यार्थ्याला कर्ज ही शिष्यवृत्ती वाटू शकते. मदत कोणत्या महिन्यात हाती येते, हेही विचारून लिहावे. रक्कम मंजूर असूनही ती शुल्काच्या मुदतीनंतर येणार असेल, तर मधल्या काळासाठी बिनव्याजी आगाऊ रकमेची सोय लागते.

कर्जाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. अभ्यासक्रम पूर्ण होण्याची शक्यता चांगली असेल आणि परतफेड पुढील उत्पन्नाच्या आवाक्यात असेल, तर कर्ज टाळण्यासाठी प्रवेश सोडू नये. परंतु जिथे अर्ध्याहून अधिक विद्यार्थी पदवीपूर्वीच बाहेर पडतात, अशा महाविद्यालयासाठी कर्ज काढायला कोणत्याही कुटुंबाला सांगू नये. पदवी नाही आणि कर्ज आहे, याहून वाईट अवस्था या घरांसाठी दुसरी नाही.

महाविद्यालयाची निवड

निवडीबाबत एवढेच पाहावे की विद्यार्थी आपल्या गुणवत्तेपेक्षा खालच्या ठिकाणी केवळ ओळखीचे नाव किंवा जवळचा पत्ता म्हणून जात नाही ना. कॅरोलिन हॉक्सबी आणि सेरा टर्नर यांनी २०१३ मध्ये दाखवले होते की हुशार व गरीब विद्यार्थ्यांना त्यांच्यासाठी बेतलेली माहिती आणि अर्जशुल्कमाफी टपालाने पाठवली, तर ते अधिक चांगल्या महाविद्यालयांत जातात. पुढे हेच बऱ्याच मोठ्या प्रमाणावर केले गेले तेव्हा परिणाम दिसला नाही. टपालावर विसंबू नये, हाच त्याचा अर्थ मी घेतो. प्रत्येक विद्यार्थ्याने किमान चार-पाच ठिकाणी अर्ज करावा आणि प्रत्येक ठिकाणचे पदवी पूर्ण होण्याचे प्रमाण, प्रवासाचा वेळ आणि निव्वळ खर्च एका पानावर शेजारी-शेजारी मांडून निर्णय घ्यावा.

प्रवेश मिळाल्यापासून पहिल्या दिवसापर्यंत

शाळा संपलेली असते, महाविद्यालय सुरू झालेले नसते, आणि या मधल्या काळात विद्यार्थी कोणाचाच नसतो. बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज यांनी अमेरिकेतील शहरी भागांत केलेल्या अभ्यासांत असे दिसले की, महाविद्यालयात जाण्याचे ठरवलेल्यांपैकी १० ते ४० टक्के विद्यार्थी या उन्हाळ्यात गळतात. कारणे मोठी नसतात: वसतिगृहाचा अर्ज राहिला, वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत गेली, विम्याचे अनपेक्षित शुल्क आले, किंवा पत्रातील भाषा समजली नाही आणि विचारायला कोणी नव्हते.

म्हणून कार्यक्रमाचे वर्ष शाळेच्या निकालाबरोबर संपवू नये. निदान एक समुपदेशक या दोन-तीन महिन्यांसाठी पूर्णवेळ असावा. त्याने दर आठवड्याला यादीतील प्रत्येकाला फोन करावा आणि ‘सगळे ठीक ना?’ असे न विचारता, ‘अनामत रकमेची पावती मला पाठव’ असे नेमके काम सांगावे. मोबाइल संदेश उपयोगी पडतात, पण त्यांची मर्यादा ओळखावी. विद्यार्थ्याला ओळखणाऱ्या समुपदेशकाने पाठवलेल्या, उत्तर दिल्यास भेट ठरवणाऱ्या संदेशांचा काही ठिकाणी फायदा झाला. मात्र मदतीच्या अर्जाची आठवण करून देणारे संदेश आठ लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांना पाठवण्याच्या मोठ्या मोहिमांतून काहीही हाती लागले नाही.

प्रवेशानंतरची साथ

प्रवेश झाला म्हणजे काम झाले, असे मानणारे कार्यक्रम मला अर्धवट वाटतात. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या सामुदायिक महाविद्यालयांत, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या महाविद्यालयांत, ‘एएसएपी’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात उरलेल्या शुल्काची माफी, पुस्तके, शहरातील प्रवासाचा मोफत पास आणि प्रत्येकी साधारण ६० ते ८० विद्यार्थ्यांचाच भार असलेले सल्लागार होते. पास मिळवण्यासाठी सल्लागाराला नियमित भेटावे लागे. विद्यार्थ्यांची सोडत पद्धतीने विभागणी करून केलेल्या मूल्यमापनात तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढला, पण दर पदवीमागे तो कमी झाला. देणगीदारांसमोर बोलताना हीच बाब पुढे ठेवावी.

अटलांटातील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०११ पासून, थोडक्या थकबाकीमुळे नाव कमी होणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी छोटी अनुदाने सुरू केली. विद्यार्थ्याने अर्ज करायचा नाही. विद्यापीठच थकबाकीची यादी पाहून रक्कम जमा करते. लहान संस्थेलाही हे जमण्याजोगे आहे, मात्र त्यासाठी महाविद्यालयाच्या लेखा विभागाशी सत्र सुरू होण्यापूर्वीच बोलून ठेवावे लागते.

एकटेपणाचा प्रश्न पैशाने सुटत नाही. प्राध्यापकांना भेटून शंका विचारायची असते, हे ज्याला घरी कोणी सांगितलेले नाही, तो त्या दारावर टकटक करण्याचे धाडस करत नाही, आणि नापास झाला की दोष स्वतःच्या बुद्धीला देतो. निकोल स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्या विद्यार्थ्यांसमोर वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी सुमारे तासभर आपले अनुभव सांगितले. त्यात आपली घरची पार्श्वभूमी कुठे आड आली आणि कुठे बळ देऊन गेली, हे उघडपणे सांगितले. पहिल्या पिढीतील आणि इतर विद्यार्थ्यांच्या पहिल्या वर्षाच्या गुणांतील तफावत त्यामुळे ६३ टक्क्यांनी कमी झाली. असा तास घ्यायला फारसा खर्च येत नाही. वक्ते निवडताना यशोगाथा सांगणारे टाळावेत. पहिल्या सत्रात कुठे अडखळलो आणि कोणाकडे गेलो, हे सांगणारे घ्यावेत.

माणसे आणि आवाका

किती मोठ्या प्रमाणावर सुरुवात करावी, असे विचारले जाते. टोरांटोच्या मध्यभागातील रीजंट पार्क या सार्वजनिक गृहवसाहतीत २००१ मध्ये ‘पाथवेज टु एज्युकेशन’ हा कार्यक्रम सुरू झाला तो एकाच वसाहतीत. संध्याकाळची शिकवणी, मार्गदर्शक, शाळेतील हजेरीशी जोडलेली प्रवासाची तिकिटे, पुढील शिक्षणासाठी साठत जाणारी रक्कम आणि प्रत्येक घराशी संपर्क ठेवणारा कार्यकर्ता, हे सगळे एकत्र होते आणि वसाहतीतील प्रत्येक पात्र मुलासाठी होते. शाळा पूर्ण करणाऱ्यांचे आणि पुढे शिकणाऱ्यांचे प्रमाण तिथे लक्षणीय वाढले, आणि मगच तो इतरत्र गेला. एका वस्तीत सगळे करणे हे दहा वस्त्यांत थोडे थोडे करण्यापेक्षा चांगले, असे माझे ठाम मत आहे. त्याचे एक कारण असे की वर्गातील निम्मी मुले अर्ज भरू लागली की उरलेल्यांनाही अर्ज न भरणे वेगळे वाटू लागते.

साहाय्यक म्हणून महाविद्यालयीन विद्यार्थी उत्तम काम करतात. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात डार्टमथ महाविद्यालयाचे विद्यार्थी दर आठवड्याला शाळेत जाऊन शेवटच्या वर्षातील मुलांबरोबर अर्ज पूर्ण करत. त्याचा मुलींना चांगला फायदा झाला, मुलांना मात्र झालेला दिसला नाही. म्हणून आपल्या नोंदवहीत मुले आणि मुली यांची गळती वेगवेगळी पाहावी. ती वेगळी असेल, तर एकाच पद्धतीवर अडून न राहता जो गट मागे पडतो आहे, त्या गटातील पाच-सहा जणांना बोलावून ते नेमके कोणत्या पायरीवर थांबले, हे विचारावे. साहाय्यकांना कामाला लावण्यापूर्वी प्रत्येकाने नमुना अर्ज स्वतः एकदा पूर्ण भरावा आणि उत्पन्न, नाव व पत्ता या तीन रकान्यांतील अडचणी कशा सोडवायच्या, हे लिहून काढावे. ज्या प्रश्नाचे उत्तर येत नाही, तिथे अंदाजाने काही न सांगता प्रवेश विभागातील कोणत्या व्यक्तीला विचारायचे, तिचे नाव व दूरध्वनी क्रमांक प्रत्येक टेबलावर लावलेला असावा, आणि त्या व्यक्तीशी अर्जाच्या हंगामापूर्वी एकदा प्रत्यक्ष भेट झालेली असावी.